निंबाखाली उघडलेलं तोंड

"तिथूनच तोंड उघड. आणि आधी ती सावली आवर."

गिरणीच्या दवाखान्याचा डॉक्टर ओट्यावरून आईला असं म्हणाला. सकाळचं ऊन पाठीमागून येत होतं आणि आईची सावली दवाखान्याच्या पायऱ्यांवर पडली होती. आम्ही महार. आई चटकन बाजूला सरकली, निंबाखाली जाऊन उभी राहिली. झाडाच्या सावलीत आपली सावली पडत नाही. हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही, चालायला लागतानाच कळतं.

तिथं तिनं तोंड उघडलं. अंधारात.

आम्ही मायलेकी गिरणीत कापसाचा कचरा निवडायचो. साच्यावर, कापड विणायला, आम्हाला घेत नसत. धोट्यातला दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागतो, आणि आमचं उष्टं कुणाला चालत नव्हतं. पण तोंडात तंबाखूची मिश्री सगळ्याच बायका धरायच्या. धुळीनं घसा कोरडा पडतो, भूक मरते, म्हणून. आईच्या डाव्या गालात मिश्रीच्या जागी पांढरा डाग उठला होता, दुधावर साय धरावी तसा. दुखत नव्हता. मीच मागं लागून तिला आणलं होतं. दवाखान्यात यायचं म्हणून तिनं मिठानं तोंड धुतलं होतं, धुतलेलं लुगडं नेसली होती. डॉक्टरला घाण वाटू नये म्हणून.

आमच्या आधी हेडक्लार्कची बायको आत गेली होती. तिची दाढ दुखत होती. तिला खुर्चीवर बसवून, बॅटरी लावून, बोटानं गाल ओढून त्यानं सगळं तोंड पाहिलं. मी दारातून बघत होते.

आईला त्यानं ओट्यावरून पाहिलं. एवढ्या लांबून तिचे दात तरी दिसले असतील की नाही, देव जाणे.

"उष्णता आहे. तुरटीच्या गुळण्या कर."

आईनं वाकून हात जोडले. वर्षभर गुळण्या केल्या.

डाग लाल झाला, मग चिरला, मग मानेला गाठ आली. तेव्हा आगगाडीनं तिला लांबच्या एका मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथली गोरी डॉक्टरीण आईच्या शेजारी बाकावरच बसली. आई अंग चोरून घ्यायला लागली, तर तिनं आईचा हात धरला. तोंडात बोट घातलं, मान चाचपली. मग माझ्याकडं बघून तोडक्या मराठीत म्हणाली, "हे कॅन्सर आहे. डाग पांढरा होता, तेव्हा कोणी बोट लावून नाही पाहिले? ते ओळखायला सुरी लागत नाही. उजेड लागतो आणि बोट लागते."

उजेड आणि बोट. एवढंच लागत होतं.

आईला शेवटी पेजही गिळवेना. एक दिवस मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "चूक माजीच गं. मी झाडाखाली हुबी ऱ्हायले. त्येला कसं दिसनार?"

ती मेली त्याचं दुःख आहेच. पण चूक आपलीच असं मानून मेली, त्याची आग अजून विझलेली नाही.

पुढं माझ्याच गालात तसला डाग दिसला. आरशाच्या तुकड्यात बघितलं. मरायची भीती वाटली, खोटं कशाला बोलू. सकाळी त्याच दवाखान्यात गेले. कचरा निवडणाऱ्या दोघी बाया निंबाखाली उभ्या होत्या.

"तिथूनच दाखव," डॉक्टर म्हणाला.

मी पायऱ्या चढले. आत जाऊन हेडक्लार्कच्या बायकोच्या खुर्चीवर बसले. माझी सावली त्याच्या टेबलावर पडली. पडू दिली.

"उतर खाली. कामावरून काढायला लावीन."

"लावा. आदी तोंड बगा."

"कळतंय का कुठं बसली आहेस?"

"व्हय. माजी आय त्या झाडाखाली हुबी ऱ्हाऊन मेली. बोट लावून बगा, न्हायतर मी उटत न्हाय."

मी तोंड उघडलं आणि मिटलंच नाही. जबडा दुखायला लागला, लाळ हनुवटीवरून गळायला लागली. दारात माणसं जमली. हेडक्लार्कही आला. त्याच्यासमोर डॉक्टरला काय वाटलं कुणास ठाऊक, पण त्यानं बॅटरी उचलली. बोटाला फडकं गुंडाळलं आणि माझ्या गालात घातलं. त्याच्या तोंडावरची शिसारी मी जवळून पाहिली. मान वळवली नाही.

"डाग आहे. मिश्री सोड. महिन्यानं परत दाखव."

"दाखवीन. हितंच बसून."

बाहेर आले. निंबाखालच्या बाया अंग आकसून बघत होत्या. त्यांतल्या थोरलीला मी दंडाला धरून उन्हात ओढलं. तिची सावली लांबलचक जाऊन पायऱ्यांवर पडली. ती मागं सरायला लागली. मी तिचा दंड सोडला नाही.

"चढ वर," मी म्हटलं.