हाताला पोचेल असा घड

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दारात पोदेराकडून सकाळचे उंडे घेत होते. "बाय, हे गेले गो," एवढंच ती म्हणाली. आवाज इतका शांत, की मी "बरं" म्हणून फोन ठेवला. पोदेर पाव हातात धरून उभा होता. त्याला म्हटलं, "आज नको रे, माझा भाऊ गेला," आणि स्वतःच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा कुठे ते मला कळलं. पेडण्याहून सर्वणला भाईच्या घरी पोचेपर्यंत अंगण माणसांनी भरलं होतं. भाई आतल्या खोलीत होता, वहिनीने केस नीट विंचरून दिले होते. येणारा प्रत्येक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, "सुटलो बिचारो." पहिल्या दोघातिघांचं मी ऐकून घेतलं, मग मात्र मला राग यायला लागला. सुटला म्हणजे काय? त्याला कुणी कोंडून ठेवलं होतं का? शेवटची काही वर्षं ज्यांनी भाईला पाहिलं त्यांना तोच भाई वाटतो... म्हणून हे लिहिते आहे. त्याच्या आधीचा भाई मला माहीत आहे.

सदानंद हे त्याचं नाव, पण घरात आणि गावात तो भाईच. नोकरी सुर्ल्याच्या खाणीवर, खनिज नेणाऱ्या ट्रकांच्या रांगा लावायची. ऐकायला सोपं वाटतं. पण उन्हात, तांबड्या धुळीत, आपली खेप हुकेल या धास्तीने टेकीला आलेले शेकडो ड्रायव्हर, त्यात कोल्हापूर-बेळगावकडचे आणि आमच्या गावचे असे दोन तट. तिथे रोज डोकी फुटायची. भाईची पाळी असली की फुटत नसत. तो म्हणायचा, "माणूस तोंड उघडायच्या आदीं ताचें तोंड पळोवंक जाय." म्हणजे बोलणं ऐकण्याआधी चेहरा बघायचा. माझे यजमान गेले तेव्हा तो पेडण्याला येऊन सोप्यावर बसून राहिला. मला धीराचा एक शब्दही बोलला नाही. पण भेटायला येणाऱ्यांपैकी कुणाला आत सोडायचं आणि कुणाला बाहेरच चहा देऊन वाटेला लावायचं, हे तो माझ्याकडे एकदा पाहून ठरवत होता. एकदाही चुकला नाही. आजही त्या दिवसांची आठवण आली की मला सोप्यावरची त्याची पाठ आठवते.

आमचा गणपती सर्वणच्या मूळ घरात, आपाकाकांकडे. आपाकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, आता घरातले सर्वांत मोठे. चवथीला आम्ही सगळे तिथेच. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली आणि परसातली फळं बांधायची, ती माटोळी. सुपारीची शिपटं, आंबाडे, तोरिंजनं, नारळांचा घोस, केळीचे घड. ती बांधायचा मान भाईचा. स्टुलावर उभा राहून तो सालीच्या दोऱ्यांना गाठी मारायचा आणि खाली जमलेल्या पोरांना दम द्यायचा, "देवाक पावूंदी, मागीर तुका." विसर्जनाआधी माटोळीतलं फळ तोडायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. काका त्याबाबतीत कडक, आणि भाई काकांहून कडक.

मग खाणी बंद पडल्या. ट्रक दारोदार गंजत उभे राहिले, भाई घरी बसला. त्यानंतर त्याच्यात जो बदल झाला तो सगळा आम्ही खाणीच्या खाती टाकला. दिवसभर गोड खायचा. साखरेच्या डब्यात सरळ हात. एकाच वाटेने एकाच वेळी चालायला जायचं, वाटेत दिसेल त्या फाटकावर बोटांनी तोच ताल वाजवायचा. वहिनी तापाने फणफणलेली असताना "जेवण कित्याक ना?" म्हणून पुन्हापुन्हा विचारायचा. हे म्हणजे भाई! माणूस रिकामा बसला की असाच होतो, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो.

आणि ती चवथ आली. आदल्या वर्षी काकी वारल्या होत्या. आरतीत काकी नेहमी म्हणायच्या ते कडवं आलं आणि काकांना रडू फुटलं. साथीला वाजणारं घुमट थांबलं. सगळे खाली मान घालून उभे. तेवढ्यात भाई पुढे झाला, हात वर करून माटोळीतली दोन केळी तोडली, एक सोलून तोंडात घातलं आणि काकांना म्हणाला, "रडटाय कित्याक? बेगीन आरती सोंपय, माका भूक लागल्या." काकांनी डोळे पुसले. फार हळू आवाजात म्हणाले, "फाल्यां सावन ह्या घराचो पावंडो चडूं नाका." उद्यापासून पायरी बंद. भाईने मान डोलावली आणि दुसरं केळं सोललं. वहिनीच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. अठ्ठावीस माणसांच्या कुटुंबात ती लग्न होऊन आली होती, एका केळ्यापायी ते कुटुंब तिच्या हातून गेलं.

आता आम्ही काय केलं ते सांगते. आम्ही देवाला कौल लावला. देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा, उजवीकडची पाकळी पडली तर होय. आम्ही विचारलं, आमच्याकडून काही चुकलं आहे का? पाकळी उजवीकडची पडली. घरात कुणाकडून काही ना काही चुकलेलं असतंच, देव खोटं कशाला बोलेल? मग सांगितलेलं सगळं केलं, अभिषेक, नारळ, ब्राह्मणभोजन, आणि त्यात वर्षाहून जास्त काळ गेला. भाईला डॉक्टरकडे न्यावं का, हे मात्र विचारायचं कुणाला सुचलं नाही. आजही मला हसू येतं आणि लगेच ते थांबतं.

डॉक्टरांचंही सरळ झालं नाही. पहिल्यांनी नोकरी गेल्याचं दुःख म्हणून गोळ्या दिल्या. पणजीकडच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र भाईपेक्षा वहिनीलाच जास्त प्रश्न विचारले आणि एमआरआय काढायला लावला. फिल्म दिव्यावर लावून त्यांनी बोट ठेवलं. कपाळामागचा आणि कानशिलामागचा मेंदू आकसला होता, उजवीकडे जास्त, आणि घड्यांमधल्या काळ्या फटी रुंद झाल्या होत्या. फणसाची आठळी सुकली की सालीत खुळखुळते, मला तेच आठवलं. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. समोरच्याला काय वाटतंय हे आपल्यापर्यंत पोचतं ते याच भागातून, आणि मनात आलेलं तोंडावर येण्याआधी थांबतं तेही इथेच, असं त्या म्हणाल्या. शाळेत मी किती वर्षं फळ्यावर मेंदू काढला, बाण दाखवून नावं लिहिली! भाई त्या आकृतीत राहतो हे माहीत नव्हतं. पुढे मुंबईला आणखी एक तपासणी झाली. शिरेतून थोडी साखर सोडतात आणि मेंदूचा कुठला भाग ती घेतो ते बघतात. पुढचा भाग जवळजवळ घेतच नव्हता. आणि हा बाहेर बाकावर बसून खिशातली लिमलेटं एकामागून एक चघळत होता.

वहिनीने एकच विचारलं. "म्हणजे हे मुद्दाम करिनात न्ही?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुद्दाम करायलासुद्धा जो भाग लागतो तोच गेलाय."

वहिनी तिथेच रडली. नवऱ्याला औषध नसलेला आजार झाला हे ऐकून बाई सुटकेने रडते, हे मी त्या दिवशी पाहिलं. दोन वर्षांनी पुन्हा फिल्म काढली, तर आकसणं आणखी मागच्या भागांपर्यंत पसरलं होतं, आणि भागाभागांना जोडणारे पांढरे धागेही विरळ झाले होते. आजार कितपत पुढे गेलाय ते त्यावरून कळतं म्हणे. पण तेवढ्यावर डॉक्टरीणबाईंचं भागत नसे. आंघोळ कोण घालतं, बोलतात किती, तुम्ही झोपता का, असं त्या वहिनीला विचारत. "फिल्ममध्ये दिसतं त्याहून घरात जास्त असू शकतं," त्या म्हणत. ते ऐकलं की वहिनी सरळ होऊन बसायची. तिचे कष्ट कुणीतरी मोजत होतं.

पहिली फिल्म घेऊन ती थेट मूळ घरी गेली होती, मी बरोबर होते. पावंड्यावर थांबून तिने हाक मारली. काका बाहेर आले, आत या म्हणाले नाहीत. तिने फिल्म त्यांच्या हातात दिली आणि डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं, एकदाही न अडखळता. वाटभर पाठ करत आली होती. काकांनी फिल्म उजेडाकडे धरली, उलटी. मी सरळ करून दिली.

"हें केन्ना सावन?" त्यांनी विचारलं.

"खूब वर्सां जालीं म्हणटात."

"तीं केळीं खाल्लीं तेन्ना?"

"ताच्याय आदीं, काका."

काका बराच वेळ त्या काळ्या कागदातून आभाळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हांव रागावलो कोणार गो?" आणि दारातून बाजूला झाले...

त्या वर्षीच्या चवथीला आम्ही भाईला घेऊन गेलो तेव्हा माटोळी कुणीतरी वाकडीतिकडी बांधली होती. आणि खांबाला, बसल्या जागेवरून हाताला पोचेल असा, माटोळीतलाच केळीचा एक घड वेगळा बांधलेला होता. "तो आमच्या सदाचो," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. भाई खांबाजवळ बसला, आरतीभर केळी खात राहिला, आणि मधूनमधून त्याची बोटं खांबावर घुमटाबरोबर चालत होती, तालात. पुढे बोलणं गेलं. मग बोटंही थांबली. गेल्या चवथीला वहिनीने त्याच घडातलं केळं कुस्करून चमच्याने भरवलं, आणि घास गिळायला त्याला किती वेळ लागतो हे सगळं घर श्वास रोखून बघत होतं. शेवटी घासच श्वासात गेला, छाती भरली आणि आषाढ संपता संपता तो गेला.

यंदा गणपती दीड दिवसाचाच, काही थाट नको, असं ठरलं. मी गेले तेव्हा माटोळी बांधून झाली होती, आणि खांबाला घड होता. सकाळी पुतण्याने विचारलं होतं म्हणे, आता कशाला? काका म्हणाले होते, "बांद. थंयच बांद." आरती झाली. त्या घडाकडे न बघायचा सगळेच प्रयत्न करत होते. मग वहिनी उठली, खांबापाशी गेली, एक केळं तोडलं आणि सगळ्यांसमोर, देवासमोर, उभ्याने सोलून खाल्लं. विसर्जन दुसऱ्या दिवशी होतं. मी काकांकडे बघितलं. नव्वदीला आलेला माणूस, आयुष्यभर विसर्जनाआधी माटोळीतल्या फळाला ज्याने बोट लावलं नाही. ते काठी टेकत खांबापर्यंत आले आणि वहिनीपुढे हात केला.

"माकाय एक दी गो."