पोटावरचा हात

आमच्या थोरल्या जाऊबाई गरोदर बाईशी बोलताना तिच्या तोंडाकडे बघत नसत, पोटाकडे बघत. "काय गं, बरी आहेस ना?" असली चौकशी त्यांच्या गावीच नव्हती. हौदावर पाणी भरायला आलेली कोणी पोटुशी दिसली की घागर खाली ठेवून त्या सरळ विचारायच्या, "आज हललं का?" एखादी नवखी लाजून हसली तर म्हणायच्या, "हसून काय दाखवतेस? विचारलं त्याचं उत्तर दे." सदाशिव पेठेतल्या बायका त्यांना मागून 'हललं-का-काकू' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "असू दे. पेठेत याहून वाईट नावं पडलेली माणसं आहेत," एवढंच त्या म्हणत, आणि ती कोण तेही सांगून टाकत.

मी या घरात धाकटी सून म्हणून आले. पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा आमची स्वारी कारकून म्हणून लष्कराबरोबर दूर मुलखात गेलेली होती, पत्र आलं तर आलं. पाचव्या महिन्यात एकदा तांदूळ निवडताना पोटात काहीतरी फडफडलं. मला वाटलं, वारा धरला. मी ओवा मागितला तर जाऊबाईंनी माझ्या हातातलं सूप काढून घेतलं, मला आडवं केलं आणि पोटावर तळवा ठेवला. बराच वेळ त्या तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "वारा नव्हे हा. वारा असा थांबून थांबून विचार करत नाही." त्या दिवसापासून माझं पोट माझं एकटीचं राहिलं नाही.

रोज दुपारी जेवणं झाली की माजघरात मला डाव्या कुशीवर निजायला लावून त्या शेजारी बसत. हात पोटावर. मूल हललं की उठत आणि मग स्वतःचं पान वाढून घेत. तोवर त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडत, "थोरले, खरकटी काढायची आहेत, तुझं देवदर्शन झालं का?" जाऊबाई ऐकू न आल्यासारखं करत. कधी पोर लवकर दाद देत नसे, तेव्हा त्या मला गूळपाणी देत आणि पुन्हा हात ठेवून बसत. "पोरं आपल्यासारखीच, दुपारची झोपायचीच," त्या म्हणत. "पण झोप निराळी आणि गप्प होणं निराळं. याची चाल मला कळली आहे. तुझं जेवण पोटात गेलं की हा जागा होतो, दिवेलागणीला परत एकदा धिंगाणा घालतो." मी थट्टेने म्हटलं, "जाऊबाई, माझ्या पोरातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं." "कोणाला तरी कळायला हवं," त्या म्हणाल्या. "तुझं लक्ष सगळं चिंचांत."

त्यांना स्वतःला मूल नव्हतं. म्हणजे दोनदा झालं होतं, पण दोन्ही वेळा खोलीतून रडणं ऐकू आलं नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, मेथी निवडताना, माझ्याकडे न बघता. पहिल्या खेपेला मूल हलेनासं झालं तेव्हा मोठ्या बायकांनी समजावलं, दिवस भरत आले की पोटात जागा उरत नाही, म्हणून हलत नाही. दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, शांत स्वभावाचं असेल. "दोन्ही वेळा मला कळलं होतं, धाकटे," जाऊबाई म्हणाल्या. "आणि दोन्ही वेळा मी त्यांचंच खरं मानलं." मग मेथीच्या काड्या गोळा करून त्या उठल्या. मला मात्र तेव्हापासून भीती बसली. त्यांचा हात पोटावर आला की मी श्वास रोखून वाट बघायची.

आठव्या महिन्यात सूर्यग्रहण आलं. गरोदर बाईने ग्रहणभर अंधाऱ्या खोलीत एका जागी बसायचं. खायचं नाही, प्यायचं नाही, निजायचं नाही, काही चिरायचं नाही, दुमडायचं नाही. नाहीतर पोराला खोट येते, बहुतेक ओठाला. आमच्या सासूबाई या बाबतीत कडक, आणि जाऊबाई त्यांच्याहून एक पाऊल पुढे. बंडखोर वगैरे त्या मुळीच नव्हत्या. पहाटेच उठून पाण्याच्या भांड्यांत दर्भ टाकून मला खोलीत बसवलं ते त्यांनीच. पुरुषमाणसं नदीवर गेली. सासूबाई, शेजारच्या दोघी म्हाताऱ्या आणि जाऊबाई माझ्याभोवती जप करत बसल्या. बाहेर अंधारून आलं आणि गल्लीतून दान मागणाऱ्यांची हाळी सुरू झाली, "दे दान, सुटे गिराण!"

सकाळपासून मूल हललं नव्हतं. आत्ता हलेल, मग हलेल, म्हणून मी गप्प होते. शेवटी राहवेना. हळूच म्हटलं, "सासूबाई, आज अजून काही हालचाल नाही."

सासूबाईंचा चेहरा खुलला. "गुणाचं आहे हो पोर! पोटातूनच ग्रहण पाळतंय." दोघी म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एकीने तर कौतुकाने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मलाही क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अभिमानच वाटला.

जाऊबाईंचा जप थांबला होता. "शेवटचं कधी हललं?"

"काल दिवेलागणीला."

त्यांनी पोटावर हात ठेवला. मग दुसऱ्या बाजूने ठेवला. किंचित दाबून पाहिलं. काही नाही. त्यांचा तळवा गार पडत गेलेला मला लुगड्यावरूनही कळला. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि गुळाचा खडा नि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"थोरले, हे काय?" सासूबाई म्हणाल्या.

"हिला पाणी पाजून निजवते."

"ग्रहण सुटलेलं नाही अजून!"

"ते सुटेल तेव्हा सुटेल."

"पोराला खोट आली तर?"

"येऊ दे."

इतक्या वर्षांत सासूबाईंना त्यांनी उलट उत्तर दिलेलं कोणी ऐकलं नव्हतं. मला दोन्हीकडून भीती वाटत होती. प्यायले तर पोराला खोट, न प्यावं तर पोरच नाही. "पी," जाऊबाई म्हणाल्या, आणि मी प्यायले. गूळ चघळत डाव्या कुशीवर निजले. त्यांनी हात ठेवला. सासूबाई भिंतीकडे तोंड करून मोठमोठ्याने जप करू लागल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग आत काहीतरी सरकलं, जागा बदलल्यासारखं, आणि पाठोपाठ बरगडीखाली अशी लाथ बसली की मी कळवळले.

"आहे," जाऊबाई म्हणाल्या. पदर तोंडात कोंबून त्या हमसून हमसून रडल्या.

पाण्याने हललं, की त्याचीच वेळ झाली होती म्हणून हललं, ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्या दुपारी त्या खोलीत त्याची खरी काळजी एकाच बाईला होती, एवढं मी शपथेवर सांगेन.

मुलगा झाला. वरचा ओठ डावीकडे फाटलेला. सासूबाईंनी दिवा जवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "घ्या. ग्रहणात पाजलेलं पाणी हे असं बाहेर आलं." मी बाळंतिणीच्या बाजेवरून भांडले. म्हटलं, मागल्या आळीतल्या कासारांच्या सुनेने अख्खं ग्रहण दगडासारखं बसून काढलं होतं, तिच्या पोराचा ओठ कसा मग असाच? सासूबाई म्हणाल्या, "तिने मनात काहीतरी खाल्लं असेल."

जाऊबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी वाद घातला नाही. "असेल माझ्यामुळे," म्हणाल्या. "पण रडला ना?"

बारशाच्या आधीच त्यांना 'थोडे दिवस' माहेरी, वाईला पाठवायचं ठरलं. थोडे दिवस म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळत होतं. थोरले भावजी आईच्या शब्दाबाहेर नव्हते. गाडी जुंपली तेव्हा मी पोराला घेऊन ओसरीपर्यंत गेले. त्यांनी त्याला हात लावला नाही, नुसतं पाहिलं. मला म्हणाल्या, "पुढच्या खेपेला कोणाला विचारत बसू नकोस. तुला कळेल. कळलं की उठायचं." मला रडू आवरेना. "रडतेस काय? दूध आटेल," एवढं बोलून त्या गाडीत बसल्या. पुढे भावजींचं दुसरं लग्न केलं. त्या बाईलाही मूल झालं नाही. त्याचं खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं, ते मात्र घरात कोणाला सुचलं नाही.

मुलगा मोठा झाला. बाहेरची पोरं त्याला 'ग्रहण्या' म्हणून चिडवत, तेव्हा उपरण्याने तोंड झाकून घरी यायचा. एकदा त्याने विचारलं, "माझा ओठ थोरल्या काकूंनी फाडला का?" मी म्हटलं, "नाही रे. त्यांनी तुला हाक मारली." मग सगळं सांगितलं. मिसरूड फुटल्यावर त्याने दाट मिशी राखली. दफ्तरात नोकरीला लागला, लग्न झालं. नव्या माणसाला ओठाचं कळतही नसे.

वाईहून जाऊबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा ना आमची स्वारी उरली होती, ना भावजी. क्रिया करणारा घरात माझा मुलगा एकटाच. उपाध्ये भले गृहस्थ. त्याच्या तोंडाकडे पाहून हळूच म्हणाले, "चुलतीचं आहे, तेही इतक्या लांबचं. नुसतं डोईचं मुंडन करू, मिशी राहू द्या. तोड निघते शास्त्रात." सासूबाई आता थकल्या होत्या, पण कान शाबूत. ओसरीवरून म्हणाल्या, "राहू दे रे बाबा. चारचौघांत शोभा नको."

मुलाने उपाध्यांना विचारलं, "आईसाठी काढतात ना?"

"आईसाठी काढावीच लागते."

"मग काढायची," तो म्हणाला, आणि नदीवर गेला.

भर दुपारी, उपरणं खांद्यावर टाकून, उघड्या तोंडाने तो सगळी पेठ चालून घरी आला. सासूबाईंनी एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी त्याला पाट मांडला, आणि समोर बसून माझ्या मुलाचं तोंड पोटभर पाहिलं.