राहून गेलेल्या पिना

देवमन तायडे मूळचा धामणगावचा. तिथल्या कापसाच्या एका जिनात यंत्रांना तेल घालता घालता तो इंजिनाचं काम शिकला. पुढं अमरावतीत राहून गावोगावच्या विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करू लागला. बोलायचा कमी. कामाला हात लावला की जेवणसुद्धा विसरायचा.

साठ साली त्याला दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. अकोल्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, हेही सांगितलं. देवमननं ते फक्त बायकोला, भागीरथाला सांगितलं. तेव्हापासून ती त्याच्याबरोबर कामावर जाऊ लागली. लोकांना वाटायचं, हत्यारांची पेटी उचलायला येते.

बासष्टच्या मार्चमध्ये वलगावच्या उत्तमरावांचं इंजिन बंद पडलं. त्यांचा वांग्यांचा मळा सुकायला लागला होता. देवमननं दोन दिवसांत इंजिन उघडलं, आतल्या दांड्याचं झिजलेलं बेअरिंग बदललं, सगळं पुन्हा जोडलं. झाकण लावण्याआधी तो प्रत्येक भाग डोळ्यांनी तपासायचा. या वेळी नुसतं चाचपलं. हँडल मारताच इंजिन सुरू झालं, पाटाला पाणी आलं. उत्तमरावांनी चहा मागवला.

भागीरथा पेटी आवरत होती. कागदाच्या पुडीत दोन नव्या पिना तशाच होत्या.

“अवो, या कायच्या हायेत?”

देवमननं त्या बोटांनी चाचपल्या. त्याचा चेहरा उतरला.

“उत्तमराव, इंजन बंद करा.”

“काहून? चांगलं तं चालून राहिलं.”

“दांड्याच्या नटाले पिना लावाच्या राहिल्या. नट सुटला तं दांडा इंजन फोडून बाहेर येईल. जवळ कोनी असलं तं जीव जाईल.”

इंजिन थांबवलं. बाजूचं झाकण काढून देवमननं आत हात घातला. नटाची खाच आणि बोल्टाचं भोक समोरासमोर आणून त्यातून पिन ओवायची, एवढंच काम. आजवर शेकडो वेळा केलेलं. पिन दोनदा गरम तेलात पडली. मग भागीरथानं न विचारता त्याचा हात बाजूला केला. तो सांगत गेला, तिनं दोन्ही पिना ओवल्या, पकडीनं त्यांची टोकं फाकवली.

उत्तमराव बघत उभे होते.

“देवमन, तुले दिसत नाई काय?”

“कमी दिसते.”

“मंग सांगाले पाह्यजे होतं. माह्या घरचे लोकं इथंच राबतेत.”

उत्तमराव वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी ही गोष्ट चार मळेवाल्यांना सांगितली, आणि ती सांगायलाच हवी होती. बोलावणी थांबली.

“तुमी सांगा, मी करतो,” भागीरथा म्हणाली. ती नांदगाव खंडेश्वरपर्यंत विचारून आली. नजर गेलेला माणूस सांगणार आणि बाई इंजिन उघडणार, हे कोणाला पटेना. एकानं तिला तण काढायला, निंदणाला येतेस का, असं विचारलं. शेवटी ती बडनेऱ्याकडच्या वावरात निंदणालाच जाऊ लागली.

पासष्टपर्यंत देवमनचा उरलासुरला उजेडही गेला. दिवसभर तो खाटेवर बसून असायचा. एकदा शेजारचे पुंजाजी आपलं शिलाई मशीन घेऊन आले. म्हणाले, “अडकून राहिलं, जरा हात लावून पाहा.”

देवमननं हात मांडीखाली घेतले.

“नाई,” तो म्हणाला, “माहा मलेच भरोसा नाई.”

पुंजाजींनी फार आग्रह केला नाही.