बायकांकडची कॅसेट

चंद्रपुरात लग्नाची शूटिंग करणारे पुष्कळ, पण बायकांकडची शूटिंग म्हटली की मोहल्ल्यातले लोक शकिलाबाईकडेच यायचे. नवरा बाबूभाई पुरुषांच्या मांडवात कॅमेरा घेऊन फिरे, पडद्यापलीकडे शकिलाबाई. तिथं पोरी ओढण्या बाजूला टाकून नाचायच्या, सासवांच्या नकला करायच्या. ती कॅसेट नवरीच्या आईच्या हातात जायची, नवरदेवाकडे कधीच नाही. दुसरी प्रत शकिलाबाईच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. तीस वर्षांत एका परक्या पुरुषाची नजर पडू दिली नाही बाईनं. मोठी खमकी!

मागच्या वर्षी कॅसेटींना बुरशी धरली. तेव्हा मुलानं, रईसनं, सगळी लग्नं घरच्या कॉम्प्युटरवर चढवली आणि कुठूनही मोबाईलवर दिसतील अशी सोय केली. जुन्या गिऱ्हाइकांना, नवरदेवांकडच्यांनाही, लिंक पाठवली. बायकांकडच्या शूटिंगला मात्र वेगळा पासवर्ड. तो काय ठेवू, असं त्यानं विचारलं, तर शकिलाबाई म्हणाली, दुकानाचा फोन नंबर ठेव, मी विसरणार नाही. अहो, तो नंबर प्रत्येक डीव्हीडीच्या कव्हरावर छापलेला! कमरेची किल्ली जिवापाड जपणारीला हे सुचू नये, आता काय बोलावं? वर तिच्या मोबाईलात जागा उरेना, म्हणून तिचे नवे व्हिडिओही आपोआप तिथंच जाऊन पडायला लागले.

या उन्हाळ्यात ती धानोऱ्याला बहिणीकडे आली होती, महेकसाठी. महेक जुन्या गिऱ्हाइकाची पोरगी, हिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. तिच्या लग्नात पडद्याआडची शूटिंग हिनंच केलेली. चार वर्षं नवऱ्याचा मार खाऊन पोरगी महिन्याभरापूर्वी पळाली, ती थेट शकिलाबाईच्या दारात. माहेरी गेली असती तर त्यानं दुसऱ्याच दिवशी फरफटत नेली असती. म्हणून शकिलाबाईनं तिला इथं जंगलाच्या तोंडाशी आणून ठेवलं. कोणाला पत्ता नव्हता.

दुपारी जेवणं झाल्यावर शकिलाबाईनं मोबाईलवर घरचा कॉम्प्युटर उघडला. वर लिहून आलं, आणखी एक जण पाहत आहे. काय पाहतोय तेही दिसत होतं. महेकचं लग्न, बायकांकडचं.

तिनं रईसला फोन लावला. तो मूल गावी एका लग्नात होता. आपण काही उघडलंच नाही, म्हणाला.

पाहणारा महेक हसते तिथं थांबत होता, मागं जात होता, पुन्हा थांबत होता. एवढ्यात वरचं व्हिडिओचं नाव बदललं. आता शकिलाबाईनं मागच्या शुक्रवारी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ सुरू झाला. महेक अंगणात मोहफुलं वाळवून राह्यली होती, मागं शेजारच्या किराणा दुकानाची पाटी, पाटीवर ठळक अक्षरांत धानोरा. व्हिडिओ पाटीवर येऊन थांबला आणि तिथंच राहिला.

तिनं बाबूभाईला फोन करून कॉम्प्युटरची तार काढायला सांगितलं. कोणती, असं त्यांनी विचारलं.

"सगळ्या काढा," ती म्हणाली.

बंद झालं. तिला जरा हायसं वाटलं, पण तेवढ्यात रईसचा फोन आला. कोणी कधी काय उघडलं याची मागची नोंद त्यानं तार निघण्याआधीच त्याच्या मोबाईलवर पाहून ठेवली होती. तो शुक्रवारचा व्हिडिओ परवा रात्रीही कोणीतरी उघडला होता, तीनदा.

शकिलाबाई अंगणात गेली. महेक सुपानं मोहफुलं पाखडत होती. तिच्यापुढं मान वर करायची शकिलाबाईला लाज वाटली, तरी सगळं सांगितलं. किल्ली माह्या कमरेला होती आणि दार मीच उघडं टाकलं, म्हणाली.

महेक रडली नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

"खाला, काल दुपारी दुकानापाशी एक जण गाडी बंद करून उभा होता. हेल्मेट काढलं नाई त्यानं. मले वाटलं, पाणी प्यायला थांबला असंल."

शकिलाबाईनं उंबऱ्याबाहेरच्या महेकच्या चपला उचलून आत घेतल्या आणि कडी लावली. मग पोलिसांचा नंबर फिरवला. तो लागेपर्यंत गल्लीत एक गाडी आली आणि दुकानापाशी बंद झाली.