सत्तर कोनांची पेटी

माझी पहिली विद्यार्थिनी माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठी होती आणि रोज माझ्या वेण्या घालायची. ती माझी आई.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वडील सिल्वासात सरकारी कचेरीत कारकून. आईची शाळा चौथीत सुटलेली आणि आमच्या दोन खोल्यांत तिचा जीव रमत नव्हता. पुसलेला डबा परत पुसायची, दारापर्यंत जाऊन मागे फिरायची. अशात जवळच्या राखोलीच्या एका सुताच्या कारखान्यात कोन, म्हणजे सुताची मोठी रिळं, मोजायला बायका हव्यात, असं तिच्या कानावर आलं. अट एकच, तोंडी हिशेब यायला हवा. वडील हसले. म्हणाले, एकदा जाऊन ये, पण नाही जमलं तर हा विषय घरात पुन्हा निघायचा नाही.

झालं, मी मास्तरीण झाले. आई भाकऱ्या थापायची, त्यामुळे लाटणं रिकामंच होतं. ते माझी छडी. एका भाकरीला एक पाढा, चुकली की पहिल्यापासून. तव्यावरचं तव्यावर राहायचं. ताटात जळकी भाकरी आली की वडील विचारायचे, "आज कितीचा होता?"

आधी ती पदराआड बोटं मोजायची. मी पदर ओढून पकडायचे, भयंकर मजा यायची. पण रोज म्हणजे रोज, सणालासुद्धा. दोन महिन्यांत अशी वेळ आली की माझा प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर तयार. मला जरा रागच आला.

मुलाखतीला ती मला बरोबर घेऊन गेली. सुपरवायझर गुजराती, शर्टाच्या खिशात तीन पेनं. बाकावर आईचा गुडघा इतका हलत होता की मीही हलत होते. त्यानं विचारलं, "एक पेटीमां सत्तर कोन. चार पेटीमां केटला?"

"दोनशे ऐंशी," आई ताडकन म्हणाली.

त्यानं नकारार्थी मान हलवली आणि पुढच्या बाईला खूण केली. आई उठली नाही. तिनं पुन्हा मनात गुणलं, ओठ हलताना मला दिसले. पुन्हा तेच आलं असणार, कारण ती म्हणाली, "साहेब, सत्तर लिहून दाखवा."

त्यानं लिहिलं: १७.

गुजरातीत सतराला सत्तर म्हणतात. आळीतल्या गुजराती पोरींशी खेळताना मी हे शंभरदा ऐकलं होतं आणि मास्तरीणबाईंना ते शिकवायचं सुचलं नव्हतं!

आईनं कागदाकडे पाहिलं. "हे होय? अडुसष्ट," म्हणाली आणि तिथेच सतराचा अख्खा पाढा एका दमात म्हणून टाकला, तोही मराठीत. त्याला किती कळलं कोण जाणे. खिशातलं एक पेन काढून त्यानं तिचं नाव लिहिलं. "सोमवारथी आवजो, बेन."

मला वाटलं, आता तरी ही शांत होईल. कसलं काय. बसमध्ये तिनं विचारलं, "मग सत्तरला काय म्हणतात?"

"सित्तेर."

"आणि एकाहत्तरला?"

मला येत नव्हतं. घरी न जाता तिनं मला शेजारच्या गुजराती काकींच्या ओट्यावर नेलं. वडील आमच्या दारात उभे, चहा नाही, काही नाही. काय झालं, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं.

"अहो, थांबा जरा," आई म्हणाली. "सोमवारला तीनच दिवस आहेत आणि आमचं अजून एकाहत्तरच चाललंय."