माझ्याच नावाची कोरी पट्टी

दृष्ट, लिंबू-मिरची, बाहेरची बाधा... असल्या गोष्टींना मी आजवर हसत आलेय. एमएस्सी काय उगाच केलीय? पण वागळे इस्टेटमधल्या त्या ट्रेनिंगमध्ये जे झालं ते लिहितेय. तुम्हीच सांगा काय ते.

आम्ही कोपरला राहतो, एकत्र कुटुंब. मी थोरली सून. धाकटी जाऊ केतकी लग्न होऊन येते न येते तोच सासूबाईंचं सुरू — केतकी किती हुशार, केतकी किती गुणी! मुलांपायी मी लॅब सोडलेली. परत नोकरी मिळावी म्हणून हे ट्रेनिंग मी शोधलं. मी! घरात नुसतं बोलले, तर दुसऱ्या दिवशी हिनेही नाव घातलेलं. आणि शेवटी नोकरी एकीलाच मिळणार होती. डोकंच फिरलं माझं.

काम असं — पेशीतल्या प्रोटीनवर फॉस्फेट चिकटलंय का ते बघायचं. हे फॉस्फेट फार नाजूक. पेशी फोडल्या की आतलीच एन्झाइम्स ते काढून टाकतात. म्हणून सगळं बर्फात करायचं, वर त्या एन्झाइम्सना रोखणारं इनहिबिटर घालायचं. शेवटी अँटिबॉडी लावली की फॉस्फेट असेल तिथे काळी पट्टी दिसते.

केतकीची पट्टी पहिल्याच खेपेला काजळ ओढल्यासारखी. माझी जागा कोरी! पुन्हा केलं, पुन्हा कोरी. प्रोटीन दोघींचं सारखंच होतं हो... फक्त माझं फॉस्फेट गायब.

"ताई, बर्फ कमी पडला असेल," इति केतकी.

अस्सा संताप आला! कालची पोर मला शिकवणार?

मग ट्रेनिंग घेणाऱ्या मॅडमनी स्वतः एकच सँपल बनवलं. दोन ट्यूबमध्ये वाटलं, एकीवर माझं नाव, दुसरीवर तिचं. पुढचंही सगळं त्यांनीच केलं, आम्ही नुसत्या शेजारी उभ्या. तिच्या ट्यूबकडे बघून मी मनात घोकत होते — हिची पट्टी जाऊ दे, हिची जाऊ दे...

तिची आली. माझी गेली.

मॅडम मला म्हणाल्या, "उद्या तुम्ही घरीच थांबा. उरलेल्या सँपलमधून मी परत करून बघते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केतकी चपला न काढताच आत आली, मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "ताई, तुमची आली! माझ्यापेक्षा गडद!" आणि चक्क मिठी मारली हो मला. सासूबाईंनी दोघींच्या हातावर साखर ठेवली. मी ती तशीच मुठीत धरून राहिले.

मॅडमनी नंतरही करून पाहिलं. मी खोलीत असले की कोरी, नसले की काळी. केमिकल्स बदलली, फ्रीज तपासला, काहीच सापडलं नाही. "मला खरंच कळत नाही," म्हणाल्या. मलाही आजतागायत कळलेलं नाही.

नोकरी केतकीला लागली. सकाळी तिचा डबा मीच भरते. पण आता तिच्यावर नाही जळत मी. त्या ट्यूबवर जळते. माझंच नाव होतं तिच्यावर, आणि माझ्यावाचून तिचं किती छान चाललेलं!