बाबा असतानाची शांतता

एसी बंद केल्यावर घरात जो आवाज उरतो, तो मी आजही कुठेही ओळखेन. आधी यंत्राची शेवटची घरघर, मग पत्रा आकसल्याची एक टिचकी, आणि त्यानंतर जिला आपण सवयीने शांतता म्हणतो ती. इथे आखातात, माबेलाच्या आमच्या घरात एसी वर्षातले बहुतेक महिने अखंड चाले आणि त्याचा आवाज ऐकणं आम्ही केव्हाच सोडून दिलं होतं. तो थांबला की मात्र भिंतीच कान देऊन बसल्यासारख्या वाटत.

त्या शुक्रवारी दुपारी तो माझ्या मुलीने बंद करायला लावला. ती दहावीत होती. घरातल्या एका माणसाच्या कामावर छोटासा माहितीपट करायचा, असा प्रकल्प शाळेने दिला होता आणि तिने आपल्या बाबांना निवडलं होतं. ते जवळच्या रुसैलला, स्वयंपाकघराचे ओटे कापणाऱ्या कारखान्यात कटिंगचे फोरमन. शाळेत जे शिके ते ती घरी येऊन मला शिकवी.

“प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज फिल्ममध्ये नसतो, आई. म्हणून बाबाने आन्सरमध्येच क्वेश्चन बोलायचा.”

बोलणाऱ्याने कॅमेऱ्यात बघायचं नाही, कॅमेऱ्याशेजारी बसलेल्या माणसाकडे बघायचं. ती शेजारची खुर्ची माझी. उत्तर संपलं तरी पुढचा प्रश्न लगेच विचारायचा नाही. माणूस त्या रिकाम्या जागेत जे बोलतो ते ठरवून बोललेलं नसतं. एम.ए.ला असताना कवितेची ओळ जिथे मोडते तिथली कोरी जागा वाचायला मी शिकले होते. लेकीचा हा नियम मला त्यामुळे परका वाटला नाही.

पडदे ओढले, फ्रिजही बंद केला. ते इस्त्रीचा शर्ट घालून कोचावर बसले.

“काय गं बाय, बापाला कोर्टात उभा केलायस का?”

“बाबा, इकडे नाही. आईकडे बघ.”

“एवढा वेळ? सवय नाही राहिली.”

“अहो, बघा मुकाट्याने,” मी म्हटलं आणि आम्ही तिघंही हसलो. तेवढंच.

“माझं काम म्हणजे दगड कापणं,” ते पाठ केल्यासारखे बोलू लागले. “खाणीतला नव्हे, कारखान्यात बनवलेला. पात्यावर पाणी सोडून कापायचा असतो.” उत्तर संपलं. मी नियमाप्रमाणे गप्प राहिले. त्यांनी गुडघ्यावरचे हात उलटेपालटे केले. “घाई असली की कोरडाच कापतात. मालकाचं, त्या अर्बाबचं, यल्ला यल्ला चाललेलं असतं. मग धूळ उडते. रात्री थुंकीसुद्धा पांढरी येते.”

मला त्यांच्या शर्टांचा वास आठवला. ओल्या खडूसारखा, जरा धातूची धार असलेला. धुतल्यावरही काखेच्या शिवणीत तो राही.

मुलाखत झाली. मग शेवटचा नियम. जिथे चित्रण केलं तिथेच सगळ्यांनी अर्धं मिनिट हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि त्या खोलीचा नुसता आवाज टिपून घ्यायचा. वाक्यं कापून जोडताना मधल्या फटींमध्ये तोच आवाज भरतात, नाहीतर जोड कानाला बोचतो. तिने हेडफोन लावले, बोट वर केलं. थोड्याच वेळात तिच्या कपाळाला आठी पडली.

“काहीतरी शिटी वाजतेय.”

आम्ही नळ पाहिला, खिडकीची फट पाहिली. रस्त्यावर पाण्याचा निळा टँकर उभा होता, तो जाईपर्यंत थांबलो. पुन्हा तेच.

“बारीक आहे. येते, जाते, परत येते. आई, तू ऐकून बघ ना.”

“माझे हात कणकेचे आहेत,” मी म्हटलं. कणीक मळून कधीच झाली होती.

तेव्हा ते उठले. “मी बाहेर उभा राहतो. तुम्ही करा तुमचं.” कोणी सांगितलं नव्हतं. दार त्यांनी इतक्या अलगद लावलं, की मला त्या अलगदपणाचीच भीती वाटली.

“आता एकदम क्लीन!” मुलगी खूश झाली.

संध्याकाळी ओट्याशी त्यांना गाठलं. आमच्या रहिवासाच्या कार्डाचं, इथे ज्याला सगळे बताका म्हणतात त्याचं, नूतनीकरण मुलीच्या परीक्षेनंतर लगेचच होतं. त्याआधी मेडिकल, आणि मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे.

“आधी डॉक्टरला दाखवू या का?”

“कशाला?” त्यांनी पाठ वळवूनच विचारलं.

“तुम्हाला ठाऊक आहे कशाला.”

पाण्याचा पेला त्यांनी सावकाश संपवला. “एकदा दाखवलं की रिपोर्ट निघतो. रिपोर्ट कंपनीत गेला की नोकरी खलास. पोरीची दहावी मधेच टाकून कुठे जायचं? मार्चपर्यंत निभेल. इन्शाल्ला.” त्या शेवटच्या शब्दाआधी ते श्वासासाठी थांबले. मुलीने ऐकलेली ती शिटी मला आता सगळीकडे ऐकू येत होती: जेवताना, चपला घालताना, शेजारी ते झोपलेले असताना.

पुढच्या आठवड्यात मुलगी लॅपटॉप घेऊन रडकुंडीला आली.

“जोड दिसतोय, आई. बाबा बोलतो तेव्हा मागे ती शिटी आहे आणि मधल्या गॅपमध्ये नाही. एकदम कापल्यासारखं वाटतं. रिकाम्या खोलीची शांतता नाही चालत. बाबा असतानाची पाहिजे.”

त्यांनी टाळून पाहिलं. एका शुक्रवारी ओव्हरटाइम होता, दुसऱ्या शुक्रवारी मित्राला विमानतळावर सोडायचं होतं. शेवटी बसले. तोच शर्ट, तोच कोच. एसीची घरघर, पत्र्याची टिचकी. बाहेर नमाजानंतरचा रस्ता निर्मनुष्य आणि पांढरा. मुलीने बोट वर केलं. नियमाप्रमाणे ते माझ्याकडे बघत होते. मीही नजर हलवली नाही. त्यांची छाती हलत नव्हती. कानशिलावरची शीर फुगत चालली, डोळ्यांच्या कडा लाल झाल्या, आणि त्या डोळ्यांत, मार्चपर्यंत, एवढीच विनवणी होती.

“बाबा,” मुलगी लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाली, “तू श्वास धरलायस. तसं नको करू. नॉर्मल घे. रोजच्यासारखा.”

त्यांनी आणखी थोडा धरला. मग सुटला.

त्या बंद खोलीत मला तो हेडफोनशिवायही ऐकू आला. मुलीचं बोट अजून वरच होतं. ती लॅपटॉपवरच्या आवाजाच्या थरथरत्या रेषेकडे बघत होती. रेष उंचावे, खाली येई, पुन्हा उंचावे. मग तिने बाबांच्या छातीकडे पाहिलं. मग पुन्हा रेषेकडे. बोट हळूहळू खाली आलं.

ती उठली. हेडफोन काढून तिने माझ्या कानांवर चढवले, दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले, आणि तिचे ओठ हलले.

“ऐक.”